जनुके केव्हा बोलतात, केव्हा गप्प राहतात?

दिंडोरी तालुक्यात द्राक्ष म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. आपल्यापैकी काहींच्या स्वतःच्या बागा आहेत, बरेच बांधव छाटणीला जातात, आणि आपल्या आयाबहिणी विरळणीला व डिपिंगला जातात. मणी ज्वारीएवढा झाला की घड जी.ए.च्या पाण्यात बुडवायचा, हे त्यांच्या हातांना इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही नवल आहे असे वाटत नाही. परंतु विद्यार्थी मित्रांनो, नवल तेथेच आहे. जी.ए. म्हणजे जिबरेलिक आम्ल. ते खत नव्हे. दहा लाख भाग पाण्यात त्याचे मोजके काही भाग असतात. एवढ्याशा पदार्थाने थॉमसनचा मणी फुगतो तो पोषण मिळाल्यामुळे नव्हे, तर पेशीला एक निरोप मिळाल्यामुळे. त्या निरोपाने पेशीतील काही जनुके जागी होतात. हा निरोपाचा व्यवहार कसा चालतो आणि आपल्या घरातील सुखदुःखाशी त्याचा काय संबंध आहे, हे सोप्या भाषेत मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रत्येक पेशीत तोच ग्रंथ

आपले शरीर एका पेशीपासून सुरू होते. आईची अर्धी व वडिलांची अर्धी अशी माहिती त्या एका पेशीत एकत्र येते. पुढे ती विभागत जाते आणि प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी होतात. प्रत्येक विभागणीच्या वेळी सर्व माहितीची नक्कल होते. ही माहिती डी.एन.ए. नावाच्या लांब धाग्यात असते. तिची अक्षरे फक्त चार, पण मानवाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे ओळीने लिहिलेली आहेत. त्यात प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारे सुमारे २०,००० परिच्छेद आहेत. त्यांनाच आपण जनुके म्हणतो.

आता प्रश्न असा पडतो : डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत ग्रंथ तोच असेल, तर एक पाहते आणि दुसरी पित्त बनवते, हे कसे? उत्तर असे की ग्रंथ सारखा असला तरी उघडलेली पाने वेगळी असतात. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तके सर्वांसाठी तीच असतात. पण पाचवीचा मुलगा एक पुस्तक काढतो आणि बारावीची मुलगी दुसरे. जनुक वाचले जाऊन त्यापासून प्रथिन तयार होणे याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कोणते जनुक, केव्हा आणि किती वाचायचे हे ठरविण्याच्या व्यवस्थेला जनुकांचे नियमन म्हणतात.

वाचन दोन पायऱ्यांनी होते. मूळ ग्रंथ पेशीच्या केंद्रकातून बाहेर येत नाही. म्हणून हव्या त्या परिच्छेदाची एक तात्पुरती प्रत काढली जाते. तिला संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात. ही प्रत केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाची यंत्रणा ती तीन-तीन अक्षरांनी वाचून प्रथिन जोडते. या तीन-तीन अक्षरांच्या लिपीचा उलगडा करणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खुराना हे आपले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. १९६८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसमवेत मिळाले.

कुलूप आणि किल्ली

जनुक बंद-चालू कसे होते, याचे पहिले स्पष्ट उत्तर पॅरिस येथील पाश्चर संस्थेत मिळाले. फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली ते मांडले. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूवर त्यांनी काम केले. या जिवाणूला दुधातील साखर पचविण्यासाठी विशिष्ट विकरे लागतात. पण दुधाची साखर समोर नसताना ती विकरे बनविणे म्हणजे शक्तीचा अपव्यय. म्हणून त्या जनुकांच्या सुरुवातीलाच एक रोधक प्रथिन डी.एन.ए.वर ठाण मांडून बसलेले असते. ते असेपर्यंत प्रत निघत नाही. दुधाची साखर आली की तिचाच एक बदललेला रेणू त्या रोधकाला चिकटतो, रोधकाची पकड सुटते आणि काम सुरू होते. साखर संपली की रोधक पुन्हा जागेवर येऊन बसतो. या कार्यासाठी जाकोब, मोनो व त्यांचे सहकारी आंद्रे ल्वॉफ यांना १९६५ साली नोबेल मिळाले.

आपल्या बागेतील जी.ए.चे काम असेच आहे. वनस्पतीच्या पेशीत डेला नावाची प्रथिने वाढीच्या जनुकांना आवरून धरतात. जिबरेलिन पेशीत आले की ते एका ग्राहक प्रथिनाशी जोडले जाते आणि त्यानंतर पेशी स्वतःच डेलाचा नाश करते. लगाम सुटतो, वाढीची जनुके वाचली जातात आणि मणी फुगतो. बी असलेल्या द्राक्षात ते बीच जिबरेलिन पुरवते. सीडलेस जातीत बी कोवळेपणीच खुंटते, म्हणून तो निरोप आपल्याला बाहेरून द्यावा लागतो.

परंतु तोच निरोप वेळ चुकली तर उलटे काम करतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर डोळ्यात पुढील हंगामाचा घड घडत असतो. त्या वेळी जिबरेलिन अधिक झाले तर घड होऊ शकणाऱ्या त्याच कोवळ्या भागाची बाळी होते. २००२ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना द्राक्षाचे एक बुटके रोप अभ्यासता आले. त्याच्या डेलाच्या जनुकात बदल असल्यामुळे त्याला जिबरेलिनचा निरोप ऐकू येत नव्हता. त्या वेलीवर बाळीच्या जागी घड लागले. घड आणि बाळी ही एकाच मूळ भागाची दोन रूपे आहेत. कोणते रूप यायचे हे निरोप आणि वेळ ठरवितात.

रक्तातील एक बंद झालेले पान

आता मळ्यातून माणसाकडे येऊ. सिकलसेल हा आजार आपल्या राज्यात विदर्भातील अनेक जिल्ह्यांत, तसेच नंदुरबार, धुळे, नाशिक या पट्ट्यातील आदिवासी बांधवांत आढळतो. विदर्भात तो आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही आहे. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी १९५८ सालीच लिहिले होते. आपल्या सोयरिकी आता जिल्ह्याच्या सीमा ओलांडून होतात. तेव्हा ही माहिती प्रत्येक घरात असली पाहिजे.

रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. ते प्राणवायू वाहून नेते. त्यातील बीटा साखळीच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे साखळीतील सहाव्या जागी एका घटकाऐवजी दुसराच येतो. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखे होते, आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे होतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सिकलसेल असलेले मूल जन्मतः ठणठणीत दिसते. पहिले काही महिने त्याला त्रास होत नाही. का? कारण गर्भात असताना बाळ वेगळे हिमोग्लोबिन वापरते. आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेण्यासाठी ते अधिक समर्थ असते. त्यासाठी गॅमा नावाचे जनुक वाचले जाते. जन्मानंतर सुमारे सहा महिन्यांत गॅमाचे पान हळूहळू मिटते आणि शेजारचेच बीटाचे पान उघडते. बदललेले अक्षर त्या बीटाच्या पानावर आहे. आजार जन्मापासून लिहिलेला होता, पण वाचला गेला तो नंतर.

मग मिटलेले पान पुन्हा उघडता येईल काय? गॅमा मिटविण्यात बी.सी.एल. ११ ए नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे, हे २००८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आदी संशोधकांनी दाखवून दिले. या ज्ञानावर आधारलेल्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळ पेशी काढून, रक्तपेशींत बी.सी.एल. ११ ए ला चालना देणारा डी.एन.ए.चा छोटा भाग कापतात आणि पेशी परत देतात. बदललेले अक्षर जागच्या जागी राहते. फक्त गॅमाचे कुलूप निघते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. आपल्या माणसाला ही रक्कम ऐकूनच चक्कर यावी. परंतु हायड्रॉक्सीयुरिया नावाची साधी गोळी अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते, हे १९९५ सालीच सिद्ध झाले आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून, नियमित घ्यावी लागते.

दोष कोणाचा?

ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळाले तो वाहक. वाहक हा रोगी नव्हे. तो सामान्य आयुष्य जगतो. दोन्हीकडून मिळाले तरच आजार होतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. एक वाहक व दुसरा निरोगी असेल तर मूल फार तर वाहक होईल, रुग्ण होणार नाही. तेव्हा आजारी मूल जन्मले म्हणून सुनेला दोष देणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे. जनुक दोघांचे आहे. ते शापाने किंवा करणीने येत नाही. उलट जेथे हिवताप फार होता तेथे वाहकांना त्यापासून काही संरक्षण मिळाले, म्हणून हे जनुक पिढ्यान् पिढ्या टिकले.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत हा आजार हटविण्याचे त्याचे ध्येय आहे. तपासणीला थेंबभर रक्त लागते. मुलामुलींनी विवाहाची बोलणी सुरू होण्यापूर्वीच ती करून घ्यावी. मात्र तिचा निकाल ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे. मेळाव्यात कोणाचे नाव पुकारण्यासाठी ती नाही, दोघांनी समजून निर्णय घेण्यासाठी आहे.

आईच्या ताटातील निरोप

जनुकांना निरोप केवळ आतूनच येतात असे नाही. डी.एन.ए.वर मिथाइल नावाच्या छोट्या खुणा लागतात. पुष्कळदा अशी खूण लागलेले पान मिटलेले राहते. या खुणांसाठी लागणारा माल बनविण्यात फॉलिक आम्ल व बी-१२ जीवनसत्त्व यांचा हात असतो, आणि ही दोन्ही अन्नातून येतात.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजन कमी असूनही आपल्या बाळांत चरबीचे प्रमाण मात्र तुलनेने अधिक निघाले. निम्म्याहून अधिक मातांत बी-१२ कमी होते. ज्या मातांत बी-१२ कमी पण फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट, सर्वांत अधिक दिसली. आईच्या ताटात काय पडते याची खूण मुलाच्या शरीरावर वर्षानुवर्षे राहू शकते. बागेत दिवसभर उभी राहून डिपिंग करणारी आपली गरोदर बहीण सर्वांचे झाल्यावर उरलेले खाते, ही म्हणूनच केवळ तिच्यापुरती बाब नाही. दूध, दही, अंडी, मासे यांतून बी-१२ मिळते. घरात जे असेल त्यातील पहिला वाटा तिचा असावा.

मित्रांनो, जनुकशास्त्राने आपल्याला शिकविलेली मोठी गोष्ट हीच की जन्मतः मिळालेले सर्व काही अटळ नसते. अक्षरे जन्माने मिळतात हे खरे. पण कोणते पान उघडेल आणि कोणते मिटेल यात काळ, अन्न, औषध आणि ज्ञान यांचाही हात असतो. जन्मावरून माणसाचे सारे भवितव्य ठरवू पाहणाऱ्यांना विज्ञानाचे हे उत्तर आहे. आमची सभासदांना विनंती एवढीच की या अंकातील हा लेख वाचून बाजूला ठेवू नये. घरातील दहावी-बारावीच्या मुलाकडून किंवा मुलीकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि पुढच्या आठवड्यात सर्वांनी मिळून आरोग्य केंद्रात जाऊन रक्ततपासणीची चौकशी करावी.