टक्केवारीचा छेद
२६ एप्रिल २०२४ रोजी, लोकसभेच्या मतदानादिवशी, मी इंदिरानगरातील एका मतदान केंद्राबाहेर उभा होतो. आयोगाच्या परवानगीविना अभ्यासकाला आत प्रवेश नसतो. बंगळूरु मध्य मतदारसंघात सुमारे ५४ टक्केच मतदान झाले आणि दोष मध्यमवर्गाच्या उदासीनतेला दिला गेला. पण या टक्केवारीचा छेद असते मतदार यादी. भाडेकरू सतत बदलणाऱ्या या वस्तीत निघून गेलेल्यांची किती नावे यादीत उरली आहेत, हे तपासल्याशिवाय उदासीनता मोजणार कशी? मतदान प्रतिनिधींना मिळणाऱ्या ‘नमुना १७-क’मध्ये केंद्राचे एकूण मतदार आणि झालेले मतदान नोंदलेले असते, न आलेल्याचे कारण नसते. ते घरोघरी जाऊनच कळेल. नावे घाईने वगळली, तर मात्र दाराला कुलूप लावून कामावर गेलेल्या भाडेकरूचाच हक्क जाईल.