वखराची पास आणि लोहाराचे पाणी

अकोला-अमरावतीकडील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. तीत चालणारी पास कठीण हवी, तशीच चिवटही. गतवर्षी मृगापूर्वी आमची नवी पास पहिल्याच पाळीस कडकन मोडली. ती मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्याची होती. असे पाटे बहुधा क्रोमियम अथवा सिलिकॉन व मँगॅनीज मिसळलेल्या पोलादाचे असतात. लोहाराने नेहमीच्या रिवाजाने तीस थंड पाणी दिले, तेथेच घात झाला.

पोलाद सुमारे 850 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापले म्हणजे त्यातील कार्बन लोखंडात विरघळतो. भट्टीपाशी याची खूण सोपी आहे: लोहचुंबकास चिकटेनासे झाल्यावर किंचित अधिक तापवावे. एकदम निवविल्यास कार्बनास बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही; आतील कण सुयांसारखे होऊन पोलाद अतिशय कठीण, परंतु ठिसूळ बनते. मिश्र पोलादात हा पालट सावकाश निवतानाही घडतो. म्हणून त्यास तेल पुरते; पाण्याच्या धक्क्याने चिरा पडण्याचे भय असते.

नंतर पास घासून मंद आचेवर पुन्हा तापवावी. प्रथम पिवळा, मग जांभळा, शेवटी निळा रंग चढतो. पिवळ्यावर धार टिकते, पण खडा लागताच तुकडा उडतो. निळ्यावर कठीणपणा थोडा उतरून चिवटपणा येतो. आम्ही निळाच पसंत करितो. लोहारास तेलाचा खर्च जड वाटतो. यंदा ते आम्ही घरूनच नेले.