कंबर नाही, नेमकं कुठं दुखतंय ते सांगा!

'दुसरं बाळंतपण सोपं असतं गं,' असं मला सगळ्यांनीच सांगितलं होतं. आईनं सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, शाळेतल्या मैत्रिणींनीही सांगितलं. पण रात्री तीन वाजता पलंगावर नुसती कूस बदलायची म्हटलं तरी डोळ्यांतून पाणी का येतं, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट २०१८ सालची. तालुक्याच्या गावातल्या प्राथमिक शाळेत मी शिक्षिका. घरात हे, सासूबाई आणि चार वर्षांची आमची थोरली. सातवा महिना सरला आणि एका सकाळी स्कूटीवर बसायला पाय उचलला, तर ओटीपोटाच्या खाली, अगदी समोरच्या हाडावर अशी कळ आली की मी हँडल धरून तशीच उभी राहिले. वाटलं, पाय मुरगळला असेल. दुसऱ्या दिवशी सलवार घालताना तीच कळ. मग जिना चढताना. मग रिक्षातून उतरताना. चालताना आतून 'कट्' असा आवाज आल्यासारखं वाटायचं. माझा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. मधल्या सुट्टीत मी खाली उतरणंच बंद केलं. पाणीसुद्धा कमी प्यायला लागले, कारण बाथरूमला जायचं म्हणजे जिना आला. गरोदर बाईनं पाणी कमी पिणं किती वाईट, हे मी वर्गात मुलींना शिकवत होते आणि स्वतः तेच करत होते!

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अगं, बाळाचं डोकं खाली सरकतंय. दुखणारच. उलट जरा वाकून केर काढ, उकिडवी बसून फरशी पूस. बाळंतपण सोपं जाईल.' त्यांनी ते प्रेमानंच सांगितलं होतं. त्यांच्या सासूनं त्यांना तेच सांगितलं होतं. मीही मुकाट्यानं दोन दिवस उकिडवं बसून फरशी पुसली. तिसऱ्या दिवशी पलंगावरून उठताच येईना. यांनी दोन्ही हात धरून मला उभं केलं.

तपासणीला गेले तेव्हा दवाखान्यात ही गर्दी. माझा नंबर आला तेव्हा दीड वाजला होता. मी म्हटलं, 'डॉक्टर, कंबर फार दुखते हो.' ते म्हणाले, 'होतं या दिवसांत. कॅल्शियम चालू आहे ना?' झालं, दोन मिनिटांत मी बाहेर. त्या वेळी राग आला होता. पण आज विचार करते तेव्हा वाटतं, मी तरी खरं कुठं सांगितलं होतं? मला कंबर दुखतच नव्हती. दुखत होतं ते दोन मांड्यांच्या मध्ये, समोरच्या हाडावर. पण ते बोलायचं कसं? शेजारी हे उभे, दारात पुढची पेशंट, आत कंपाउंडर. आपल्या बायकांची कंबर बरगड्यांपासून सुरू होते ती थेट गुडघ्यापर्यंत! मधल्या कुठल्याच जागेचं नाव आपण घेत नाही.

एका रात्री तर कहर झाला. कपाटात यांच्या पाठदुखीच्या गोळ्या होत्या. एक घेऊ या, असं मनात आलं. पाकीट हातात घेतलंही. पण धीर झाला नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांना विचारलं. त्यांनी पोटाकडे बघितलं आणि विचारलं, 'ताई, कितवा महिना?' आणि सरळ म्हणाले, 'ही गोळी हातात धरू नका.' त्यांचे उपकार मी विसरणार नाही. नंतर कळलं की आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो, गर्भजल कमी होऊ शकतं आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो.

माझा प्रश्न सुटला तो डोहाळेजेवणाच्या दिवशी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, चौरंगापुढे पाट मांडलेला. सगळ्या जणी 'बस गं' म्हणतायत आणि मला मांडी घालता येईना. हसत हसत उभीच राहिले. नणंदबाईंनी ते बरोबर हेरलं. मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाल्या, 'वहिनी, बोट ठेवून दाखवा, कुठं दुखतंय?' मी दाखवलं. तेवढं एक बोट ठेवायला मला सहा आठवडे लागले होते!

त्यांनी दोन दिवसांत मला जिल्ह्याच्या गावी एका बाई डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि लगेच फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती पंचविशीतली पोरगी. तिनं मला चालायला लावलं, झोपवून एकेक पाय उचलायला लावला आणि म्हणाली, 'मॅडम, याला नाव आहे. पेल्व्हिक गर्डल पेन. पाच गरोदर बायकांतल्या एकीला तरी कमी-जास्त प्रमाणात होतं. बाळाला याचा काही धोका नाही.' हे ऐकलं आणि मी तिथंच रडले. दुखणं खरं आहे, आपण नाटक करत नाही, एवढं कुणी म्हटलं तरी अर्धा भार उतरतो.

तिनं समजावलं ते मला जसं समजलं तसं सांगते. आपल्या कमरेखाली हाडांचं एक कडं असतं. त्याला तीन सांधे. दोन मागे, माकडहाडाच्या वर दोन बाजूंना, आणि एक समोर. गरोदरपणात रिलॅक्सिनसारख्या संप्रेरकांमुळे या सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैल पडतात. समोरच्या सांध्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटर असते, ती आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढते. हे निसर्गाचंच काम. पण पोटाचा भार वाढतो, उभं राहायची ढब बदलते, आणि कधी कधी हे सांधे एकसारखे हलेनासे होतात. एका बाजूवर जास्त ताण आला की कळ येते. म्हणून एका पायावर भार पडला किंवा दोन पाय एकमेकांपासून लांब गेले, की दुखतं. स्कूटी, सलवार, जिना, उकिडवं बसणं... माझी सगळी कोडी एकदम सुटली!

तिनं एकच मंत्र दिला. 'दोन्ही गुडघे जोडीनं.' कूस बदलायची तर आधी गुडघे वाकवायचे, एकमेकांना चिकटवायचे आणि खांदे, कंबर, पाय एकदम वळवायचे. उठताना आधी कुशीवर यायचं, पाय जोडीनं खाली सोडायचे आणि हातावर जोर देऊन बसायचं. झोपायचं कुशीवरच, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी आणि पोटाखाली छोटी उशी. रिक्षात बसताना आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सलवार, परकर घालायचा तो पलंगाच्या कडेला बसून. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी वर, उतरताना जास्त दुखणारा आधी खाली, आणि एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

घरातही थोडे बदल केले. आमचा संडास भारतीय पद्धतीचा, म्हणून यांनी त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. भाजी निवडायची ती खुर्चीत बसून. पोळ्या लाटायला ओट्याशी उंच स्टूल. स्कूटी बंद. मुख्याध्यापकांना सांगून वर्ग तळमजल्यावर घेतला. इतके दिवस संकोचानं विचारलं नव्हतं, त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं! थोरलीला कडेवर घेणं बंद करावं लागलं, तेच सगळ्यात अवघड गेलं. मग मी खाली बसण्याऐवजी पलंगावर बसायची आणि ती शेजारी चढून मला बिलगायची. फिजिओथेरपिस्टनं कमरेचा पट्टा बांधायला शिकवलं आणि पोटाचे, ओटीपोटाचे स्नायू बळकट करायचे हलके व्यायाम दिले. फारच दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणातच पॅरासिटामॉल.

खोटं कशाला सांगू, दुखणं पूर्ण गेलं नाही. पण दहापैकी आठ होतं, ते चारवर आलं. झोप लागायला लागली. पाणीही पोटभर प्यायला लागले.

एका रात्री मी उशी गुडघ्यांत धरून कूस बदलत होते. दारात सासूबाई उभ्या. बराच वेळ बघत होत्या बहुतेक. आत आल्या, हातातली जुनी गोधडी घडी करून माझ्या पाठीशी लावली आणि पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, 'तुझ्या नवऱ्याच्या वेळेला मी रात्री मोरीपर्यंत रांगत जायची. पाय उचलायचाच नाही. सकाळी परत विहिरीवर.' मी विचारलं, 'मग सांगितलं नाहीत कुणाला?' त्या हसल्या. 'कुणाला सांगणार? म्हणाले असते, हीच एक जगावेगळी बाळंतीण.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर केर काढून झाला होता. पुढचे दोन महिने केरसुणी माझ्या हाती लागली नाही.

बाळंतपणाआधी बाई डॉक्टरांनी माझे गुडघे न दुखता किती लांब जातात ते बघून फायलीत लिहून ठेवलं होतं. कारण कळांच्या वेळी, किंवा पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं असेल तर, आपल्याला दुखणं नीट कळत नाही आणि पाय जास्त ताणले जाऊ शकतात. सिस्टरनी ती फाइल वाचली. मला होईल तितका वेळ कुशीवर राहू दिलं, पाय ओढले नाहीत. या दुखण्यामुळे सिझेरियनच करावं लागेल, अशी मला धास्ती होती. तसं नसतं. माझं बाळंतपण नैसर्गिकच झालं. मुलगा झाला. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी पळालं नाही. जवळजवळ तीन महिने हळूहळू कमी होत गेलं आणि व्यायाम मी तोवर चालू ठेवले. बहुतेक जणींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, काही महिन्यांत बरं होतं. नाहीच झालं, तर 'आता काय, बाळ तर झालं' म्हणून गप्प बसू नका. परत दाखवा.

हे मात्र अंगावर काढू नका

प्रत्येक दुखणं हाडांचंच असतं असं नाही. खालीलपैकी काहीही झालं, तर उशा लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ला फोन करा.

- रक्त जाणं किंवा पाणी गेल्यासारखं वाटणं
- दिवस भरायच्या आधीच ठरावीक वेळानं येणाऱ्या कळा
- पोट सतत दगडासारखं कडक राहणं
- बाळाची हालचाल कमी जाणवणं
- ताप, लघवीला जळजळ
- एकाच पोटरीला सूज, लाली, दुखणं
- मांड्यांच्या मध्ये बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं

आणि मैत्रिणींनो, सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६पासून ही योजना चालू आहे. तिथं जाल तेव्हा आशाताईंना, सिस्टरना, डॉक्टरांना नेमकं सांगा. बोलायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. तेही जमत नसेल तर माझ्यासारखं बोट ठेवून दाखवा. पण 'कंबर दुखते' एवढंच म्हणून परत येऊ नका.

आमच्या शाळेत यंदा एक नवी शिक्षिका आली आहे. तिला आठवा महिना आहे. परवा जिन्याच्या कठड्याला धरून ती थांबलेली दिसली. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, 'कुठं दुखतंय गं?'

'कंबर,' ती म्हणाली.

मी तिला बाजूच्या रिकाम्या वर्गात नेलं आणि दार लावून घेतलं.