पाव्हणं आल्यात

संपादकांना हादग्याचे फोटो हवे होते, सोबत थोडा मजकूर. साताऱ्याचा माण तालुका संपतो आणि सांगलीचा आटपाडी सुरू होतो, त्या पट्ट्यातल्या एका हायस्कूलात त्यासाठी गेलो. शाळेचं नाव देत नाही. का, ते पुढे कळेल.

फोटो चांगले मिळाले. पाटावर खडूने काढलेला हत्ती, भोवती फेर धरलेल्या मुली, कडेला लाजत उभी असलेली पोरं. पुण्याकडे याला भोंडला म्हणतात, इकडे हादगाच. गाणी संपली की खिरापत. झाकण लावलेला डबा कानाशी वाजवून आत काय आहे ते ओळखायचं. एका मुलीने डबा एकदाच हलवला आणि म्हणाली, “भाजलेलं शेंगदाणं.” बरोबर निघालं. “हिला सगळ्यांच्या घरातलं ऐकू येतं,” कार्यक्रम घेणाऱ्या बाई हसत म्हणाल्या. मला ती थट्टा वाटली.

हा कार्यक्रम मीना राजू मंचाचा. मीना ही युनिसेफने १९९०च्या दशकात दक्षिण आशियासाठी घडवलेली कार्टूनमधली मुलगी. राम मोहन यांनी ती पडद्यावर आणली. धाकटा भाऊ राजू शाळेत जातो, हिला घरी ठेवतात. मग मिठू पोपट वर्गाच्या खिडकीतून ऐकून येतो आणि हिला शिकवतो. तिच्या नावाने शाळाशाळांत मुलींचे मंच निघाले, पुढे राजूलाही आत घेतलं. मंच मुख्यतः सहावी ते आठवीचा. वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं: आषाढीला दिंडी, राखीपौर्णिमा, २४ सप्टेंबरला मीना दिन, हादगा, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. सावित्रीबाईंचं नायगाव याच सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. त्यामुळे त्या दिवशी शाळेत ठसठशीत कुंकवाच्या दहा-बारा सावित्री तरी असतातच. १८४० साली लग्न झालं तेव्हा खरी सावित्री नऊ वर्षांची होती, हे भाषणात क्वचितच कोणी म्हणतं.

अहवाल फाईलमध्ये, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. इथे माझं काम संपलं होतं. निघताना टेबलावरची दोनशे पानी वही सहज उघडली आणि संध्याकाळची एसटी चुकवली.

वहीत हाताने आखलेले पाच रकाने: नाव, किती दिवस, कारण, कोण गेलं, काय झालं. सलग तीन दिवस मुलगी आली नाही की शाळा सुटल्यावर मंचातल्या दोघी-तिघी तिच्या घरी जातात. एकटीने जायचं नाही, आणि एक जण त्याच वस्तीवरची हवी. परत येऊन लिहायचं, जसं ऐकलं तसं. बाई शुद्धलेखन तपासत नाहीत. “मी सुधारलं की ते कारण माझं होतं.”

म्हणून ती वही मला एखाद्या कादंबरीपेक्षा भारी वाटली. ‘कांदा काढाय गेली.’ ‘डाळिंबाच्या बागेत.’ ‘भाऊ ल्हान हाय.’ ‘मेंढरांसंगं गेल्या, पावसाळ्यात येतील.’ ‘पास हाय पण फाट्यापतूर कोण सोडणार’: एसटीचा मोफत पास मुलीला मिळतो, पण वस्ती ते फाटा ही वाट त्या पासात बसत नाही. अधूनमधून नुसतं ‘पोटात दुखतंय’, पुढे कंसात ‘तसलं नाही, खरंच’.

आणि काही पानांवर दोनच शब्द, खाली लाल रेघ: ‘पाव्हणं आल्यात.’

पाव्हणं म्हणजे मुलगी बघायला आलेले. लाल रेघ दिसली की बाई स्वतः जातात. “लग्न मोडायला आले असं म्हटलं तर दारातूनच परत पाठवतील. मी राहिलेली वही द्यायला जाते. चहा घेते. मांडवाचं सामान आलंय का तेवढं बघते.” विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळण्याच्या कामात, देशभर पांगली आहेत. परमुलखात दुकान असलेला मुलगा सुट्टीवर येतो, घरात घाई सुरू होते. स्थळ चांगलं, हुंडा मागत नाहीत, मुलगी दूर जाईल पण सुखात राहील. यातलं एकही वाक्य आईबाप वाईट बुद्धीने बोलत नाहीत, आणि बाईंची खरी पंचाईत तीच.

कायदा बाईंना पाठ आहे. २००६चा अधिनियम, मुलीचं वय १८, गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवक, मदतीला १०९८ हा फोन नंबर. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. फोन करता येतो, पण छोट्या गावात तो कोणी केला हे दिवेलागणीपर्यंत कळतं. आणि वहीच्या चौथ्या रकान्यात तेरा वर्षांच्या मुलींची नावं आहेत. शाळेचं नाव देत नाही ते यासाठी.

दुसरी अडचण वयाची. मंच आठवीपर्यंत, आणि पाव्हण्यांची खरी वर्दळ नववीपासून. इथल्या नववी-दहावीच्या मुली मंच सोडत नाहीत, वहीत आपणहून लिहितात. पण अहवालाच्या छापील रकान्यात त्यांना जागा नाही. बाई त्यांची नावं मागच्या पानांवर, उलटीकडून लिहितात.

मी पानं मोजत एप्रिलपर्यंत आलो. त्यानंतर एकदम जून. मधे काही नाही.

“मे महिन्यात सुट्टी असते ना,” बाई म्हणाल्या.

अक्षय्य तृतीया, लग्नसराई, गावी आलेले गलाईवाले, बंद शाळा. मागच्या वर्षी त्यांनी आपला मोबाईल नंबर फळ्यावर लिहून सगळ्यांना उतरवून घ्यायला लावला होता. सुट्टीत चार फोन आले. तीन निकालाचे, एक बोललाच नाही. पलीकडे भांडी वाजत होती, कोणीतरी बाईमाणूस हसत होतं, मग कट. तो नंबर पुन्हा लावला तर एका पुरुषाने उचलला.

“मी त्या मुलीला घेऊन बसले,” बाई खिरापत ओळखणारीकडे बोट दाखवत म्हणाल्या, “आवाज तिला सांगत होते. तिनं विचारलं, भांडी किती होती? थोडी का लई?”

जूनच्या पानावर एका नावापुढचा ‘काय झालं’चा रकाना कोरा आहे. त्याच्या खाली, वेगळ्या अक्षरात, पुढची नोंद सुरू होते: कांदा भराय गेली, सोमवारी येणार.