एकाच मालकाला रामराम!

नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर काम करायचं म्हटलं की घरचे धास्तावतात. पण ही वाट मळलेली आहे, आणि ती मळणारी माणसंही भारी होती.

मोत्झार्टचंच बघा. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या पदरी तो पगारी वादक. जेवायला नोकरांच्या पंगतीत. हुजऱ्यांच्या खाली, आचाऱ्यांच्या वर! १७८१ मध्ये त्याने नोकरी सोडायची म्हटली, तर काउंट आर्को या दरबारी अधिकाऱ्याने त्याला चक्क लाथ घालून बाहेर काढलं. पठ्ठ्या व्हिएन्नातच राहिला. शिकवण्या घेतल्या, आगाऊ वर्गणी घेऊन मैफली लावल्या. १७८४ च्या मार्चमध्ये त्याच्या वर्गणीदारांच्या यादीत १७४ नावं होती. पुढे उसन्या पैशांसाठी मित्राला पत्रं लिहायची वेळ आली, तीही याच माणसावर.

सिनेमातली भांडणं याहून रंगतदार. पूर्वी नट-नट्या स्टुडिओच्या महिना पगारावर असत. ‘कुंकू’ गाजवणाऱ्या शांता आपटे १९३९ साली करारावरून पुण्यात प्रभातच्या फाटकासमोर थेट उपोषणाला बसल्या! नायिका अन्नत्याग करून दारात बसलेली, हे पुण्याने याआधी कशाला पाहिलं असेल? तिकडे हॉलिवूडमध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड कोर्टात गेली. भूमिका नाकारली की स्टुडिओ तिला बिनपगारी बसवून ठेवी आणि तेवढे दिवस सात वर्षांच्या कराराला जोडी. १९४४ मध्ये कोर्टाने ठणकावलं: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. तो नियम आजही तिच्याच नावाने ओळखला जातो. आणि सुटका झाल्यावर बाईंनी दोन ऑस्कर पटकावली!

मुंबईच्या डबेवाल्यांना तर साहेबच नाही. १८९० पासूनची ही परंपरा. कमाई गटात सारखी वाटून घ्यायची.

स्वतंत्र माणसाची खरी डोकेदुखी मात्र काम मिळवणं नव्हे, केलेल्या कामाचे पैसे मिळवणं. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही? न्यूयॉर्क शहराने २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्यावरच्या कामाला लेखी करार सक्तीचा केला. तारीख ठरलेली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. आपल्याकडेही सोय आहे. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही चक्रवाढ! नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पुढचं बिल पाठवण्याआधी ती करून टाका.