दलदलीतील नायक

अमेरिकेतील चित्रकथा-प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिने रक्तपिपासू पिशाचे, वृकमानव आणि चालती प्रेते यांना तडीपारीचा हुकूमच बजावला होता; १९७१ मध्ये तो अंमल काहीसा सैल झाला आणि त्याच वर्षी लेखक लेन वीन व चित्रकार बर्नी राइटसन यांचा ‘स्वॅम्प थिंग’ हा नायक अवतरला. शेवाळ व मुळ्यांचा तो विद्रूप देह ॲलेक हॉलंड या शास्त्रज्ञाचाच, अशी १९७२ च्या मालिकेपासून वाचकांची दृढ समजूत होती. परंतु १९८४ साली लेखक ॲलन मूर यांनी, हॉलंड केव्हाच मृत झाला असून त्याच्या स्मृती शोषून घेतलेली वनस्पतीच स्वतःस मनुष्य मानीत आहे, असा शवविच्छेदनाचा निष्कर्ष कथेत दाखल केला. जो मनुष्य कधी नव्हताच, त्याच्यासाठी वाचकाने व्याकुळ व्हावे, हे आमच्या मते चित्रकथेच्या प्रकारातील सर्वोच्च यश होय. मूर यांच्या मालिकेचा त्याच वर्षीचा २९ वा अंक संहितेच्या मान्यतेच्या शिक्क्याविनाच बाजारात आला.