बोलण्याचे स्वातंत्र्य आणि परिणामांची लक्ष्मणरेषा

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर १८ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई आणि परिसरातील व्यवहार बंद होते. या बंदविषयी प्रश्न करणारा मजकूर पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो केवळ 'लाइक' केला. काही तासांतच जमावाने पहिल्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. न्यायालयाने त्यांना जामीन दिला, पुढे खटलाही बंद झाला आणि अटकेप्रकरणी पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित व्हावे लागले.

'बोलायचे स्वातंत्र्य आहे, पण परिणाम भोगायची तयारी ठेवा,' असे अशा प्रसंगी हमखास ऐकविले जाते. प्रश्न असा, की परिणाम म्हणजे नेमके काय? आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

घटना काय सांगते?

राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) नुसार प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. मात्र ते अनिर्बंध नाही. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी या आठ कारणांसाठीच कायद्याने निर्बंध घालता येतात. हे निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत, ही अट १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली. कोणाला राग आला किंवा गैरसोय झाली, हे कारण या यादीत नाही.

याच मुद्द्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ कोसळले. 'त्रासदायक' किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकुरासाठी या कलमात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ते घटनाबाह्य ठरविले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. बोलणे चिथावणीच्या पातळीवर पोहोचले तरच निर्बंधांचा विचार सुरू होतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तीन प्रकारचे परिणाम

पहिला परिणाम कायदेशीर. अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३५६ अन्वये तो कायम आहे. समाजगटांत वैर पसरविणाऱ्यावर कलम १९६ अन्वये खटला भरता येतो. येथे निवाडा न्यायालय करते आणि बोलणाऱ्याला बचावाची संधी मिळते.

दुसरा परिणाम सामाजिक. टीका, निषेध, खंडन, पुस्तकावर वा चित्रपटावर बहिष्कार हेही अभिव्यक्तीचेच प्रकार होत. बोलणाऱ्याला ते सहन करावे लागतात. माझ्यावर टीका करू नका, असे म्हणण्याचा हक्क घटनेने कोणालाही दिलेला नाही.

तिसरा प्रकार मोडतोड, मारहाण आणि धमक्यांचा. त्याला परिणाम म्हणणेच चुकीचे आहे. तो स्वतंत्र गुन्हा आहे. 'ओरे ओरु ग्रामथिले' या तमीळ चित्रपटासंबंधीच्या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की निदर्शनांच्या किंवा हिंसाचाराच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही. विरोधी जमावाला आवरता येत नाही, ही सबब शासनाला सांगता येत नाही.

कायदा मोडून निघाला तरी सवय लगेच मोडत नाही. कलम ६६ अ रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

शब्दांची जबाबदारी बोलणाऱ्याची, यात शंका नाही. पण दगडाची जबाबदारी तो फेकणाऱ्याचीच असते. हा भेद पुसला गेला, तर स्वातंत्र्य कलमात उरेल आणि माणसे गप्प बसणेच पसंत करतील.